विषम नंबरांचे रिपोर्ट

(सोलापुरातली एक खासगी लॅब. मालक गुरुलिंग यांची केबिन; समोर लॅबची संगणक सिस्टीम बनवणारी पूनम. दुपार.)

गुरुलिंग : म्हणजे त्या वळसंगच्या म्हाताऱ्याची तक्रार खरी होती?

पूनम : खरीच होती, सर. धुळाप्पांच्या रिपोर्टात ‘गर्भाशय निरोगी’ असं छापून आलं होतं.

गुरुलिंग : मी त्यांच्या पोराला म्हटलं, टायपिंगची चूक आहे. आणि निरोगी आहे म्हणतोय ना, मग ओरडतोस कशाला?

पूनम : टायपिंगची चूक नाही. ते गर्भाशय शेजारच्या नंबरच्या बाईंचं होतं.

गुरुलिंग : हे बघ, मी बी.कॉम. आहे. मला समजेल असं सांग.

पूनम : रिपोर्टावर नाव येतं काउंटरवरच्या नोंदीतून. निकाल येतो मशीनमधून. दोघांची गाठ पडते ती फक्त नमुन्याच्या नंबरावर. आपला नंबर सोळा आकडी आहे.

गुरुलिंग : असणारच की. आधी माझा मोबाईल नंबर, पुढं पेशंटचे सहा आकडे. पेशंटनं नंबर वाचला की माझा फोन आपोआप पाठ होतो. जाहिरातीला एक पैसा खर्च नाही.

पूनम : आणि तुमचा मोबाईल नऊनं सुरू होतो, त्यातही चौऱ्याण्णवनं. तिथंच घात झाला. संगणक आकडा ठेवतो ती जागा ठरलेली असते. नऊ हजार लाख कोटींच्या थोडं वर गेलं की ती पुरत नाही. मग तो एकाआड एक आकडा सोडतो. सम नंबर जागेवर राहतो, विषम नंबर शेजारच्या सम नंबरावर जाऊन बसतो.

गुरुलिंग : आणि बोंब मारत नाही?

पूनम : नाही. गुपचूप बसतो.

गुरुलिंग : आपल्या नात्यातलाच म्हणायचा. माझं दुसरं सिम सातनं सुरू होतं. ते लावलं असतं तर?

पूनम : काही झालं नसतं.

गुरुलिंग : च्यायला. ते मी सासरच्या मंडळींसाठी ठेवलंय.

पूनम : चूक माझीही आहे, सर. नंबर आकडा म्हणून ठेवायलाच नको होता, अक्षरांसारखा ठेवायला हवा होता. त्याची काही बेरीज थोडीच करायची होती!

गुरुलिंग : किती जण असतील?

पूनम : नवीन सिस्टीम सुरू केल्यापासूनचे सगळे विषम. निम्मे पेशंट.

गुरुलिंग : बरं. घाबरायचं नाही. एक योजना काढू. ‘वर्धापनदिनानिमित्त मोफत फेरतपासणी’. सगळे विषम आपणहून येतील. कुणाची बदनामी नाही, वर पेपरात फोटो.

पूनम : वर्धापनदिन कधी आहे?

गुरुलिंग : श्रावणात.

पूनम : सर, मशीनमधले निकाल बरोबर आहेत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, नमुन्यांच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, लिहून जातात. त्यांनी लिहिलेलं आत तसंच आहे. विषम नंबरांचं कुणी उघडलंच नाही, एवढंच. मी रात्रभर बसून उघडलं. बहुतेकांचं साधं आहे. एकीचं नाही.

गुरुलिंग : कोण?

पूनम : बाळाबाई. मंद्रूपकडच्या. मेंढरं आहेत त्यांची. छातीतली गाठ. आपण ‘साधी गाठ’ म्हणून रिपोर्ट दिला, ती दुसऱ्याच बाईची होती.

गुरुलिंग : आणि यांची?

पूनम : साधी नाही.

गुरुलिंग : कधी दिला रिपोर्ट?

पूनम : दीड महिना झाला. सकाळी फोन केलाय त्यांच्या मालकांना. येतायत.

गुरुलिंग : मला न विचारता?

पूनम : तुम्हाला विचारलं असतं तर श्रावणात आले असते.

बिरुदेव : येऊ का सायेब? ताईंचा फोन आलता. मी बिरुदेव, बाळाबाईचा मालक.

गुरुलिंग : या, या पाहुणे. बसा. चहा सांगू?

बिरुदेव : नगं. चहा घिऊनच आलोय. फोन आला तवा मेंढरं शेजारच्याच्या अंगावर टाकली आन निगालो. कागुद ऱ्हायला व्हता का कुठला?

गुरुलिंग : तसं काही विशेष नाही. एक छोटीशी तांत्रिक...

पूनम : सर, मी बोलते. मामा, तुम्हाला दिलेला रिपोर्ट बाळामावशींचा नव्हता. नाव त्यांचं होतं, आतला निकाल दुसऱ्या बाईंचा होता. चूक आमची आहे.

बिरुदेव : मंग हिचा कुटं हाय?

पूनम : हा बघा. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात लिहिलेला. आमच्याकडेच पडून होता.

बिरुदेव : मला वाचाया येत न्हाई चांगलं. तुमीच सांगा की.

पूनम : गाठ कॅन्सरची आहे, मामा.

गुरुलिंग : पण घाबरू नका बरं का. आता लई चांगले उपचार निघालेत.

बिरुदेव : ती म्हनत व्हती.

पूनम : काय म्हणत होत्या?

बिरुदेव : वाढतीया म्हून. दोनदा म्हनली. रातचं माजा हात धरून लावला तितं. मीच वरडलो तिच्यावर. म्हनलं, एवड्या मोट्या शेरातल्या मशिनीनं न्हाई म्हनून सांगितलंय, तू काय तिच्यापेक्षा शानी हायस व्हय? तवापासनं गप हाय बगा. गाठीचं काय बी बोलत न्हाई.

गुरुलिंग : तुमचं काय चुकलं त्यात, पाहुणे?

बिरुदेव : तसं न्हाई सायेब. ती खोटं बोलत न्हवती. येवडंच.

पूनम : मामा, आता वेळ घालवायचा नाही. मोठ्या दवाखान्यात मी बोलून ठेवलंय. आजच गेलो तर डॉक्टर बघतील. मी येते सोबत.

बिरुदेव : आजच?

पूनम : आजच. दीड महिना आधीच गेलाय. मावशींना गावाहून बोलवून घ्या.

बिरुदेव : बोलवायचं कशाला, ती आलीया की संगट. खाली पायरीवर बसलीया. म्हनली, शेराला चाललाय तर मी बी येती, लई दिस झालं कुटं गेली न्हाई.

पूनम : मग वर बोलवूया. मी जाऊन आणते.

बिरुदेव : ताई.

पूनम : काय मामा?

बिरुदेव : तिला शेंगा घेऊन दिल्यात मघाशी. तेवड्या खाऊन हुंद्या.