काचेत कोंडलेला ओटा

ऐका बायांनो, माह्या लेकानं माह्या ओट्याचं काय केलं ते. चांगला मोकळा ओटा. रोज संध्याकाळी मी अन् शेजारची रझियाबी तिथं बोलत बसाचो. तर सुरेश म्हणे, "आई, चारही बाजूनं काच लावतो. बारा महिने बसशीन."

मी म्हटलं, "बाबू, यवतमाळचं ऊन काचीतून आत येते, मंग बाहीर निघत नाही."

"कूलर लावतो ना!"

लावला. काचा गच्च बंद अन् आत कूलर. आता ती ओली हवा निघाले फट तर पाह्यजे का नाही? काचीवरून पाणी गळे, गादी ओली, अन् मी आत इडलीवानी शिजून राह्यली. रझियाबी बाहीरून काच वाजवे, "अगे बाई, दरवाजा खोल ना!" मी उठली का सून वरडे, "आई, धूळ येते! उघडू नका!" बिचारी रस्त्यावरूनच हात हलवून जाये. मंग तिनं येणंच सोडलं.

माह्यं डोस्कं फिरलं. खाट ओढत नेली अन् समोरच्या कडुलिंबाखाली टाकली. रझियाबीले हाक मारली, ती लगेच आली. सुरेश धावत आला, "आई, लोक काय म्हणतीन? आत चाल!"

"तूच बस आत," मी म्हटलं.

गेला रागानं. जराशानं घामानं निथळत परत आला अन् रझियाबीले म्हणे, "खाला, थोडं सरका."

रझियाबी सरकाले लागली. मी तिचा हात धरला, "सरकू नको. त्यानं तुह्यासाठी कुठं जागा ठेवली होती?"