शेटजींचं गुलाबी तेल

लातूर नवा जिल्हा झाला अन् आमच्या गिरणीत तेलाची आम्लता का काय ती, म्हंजी तेल किती खवट ते मोजायला नवे साहेब आले. दुष्काळात चांगली करडई मिळंना, म्हणून शेटजींनी जुनाट मालबी गाळला होता. साहेबांच्या शिपायानं मला आधीच सांगितलं होतं, तेल लवकर गुलाबी झालं की चांगलं. मी मुद्दाम शेटजींच्या कानात उलटं म्हणलं, "गुलाबी झालं की गिरणीला कुलूप."

साहेबांनी तेलात औषधाचे थेंब सोडले. तेल लगेच गुलाबी.

शेटजींनी हात जोडले. "साहेब, खवट डबे मागं झाकून ठेवले होते. चुकून त्यातलाच आला."

"हे तेल तर उत्तम आहे," साहेब म्हणाले. "ते मागचे कुठे आहेत?"

शेटजी माझ्याकडं बघून राहिले.

मी म्हणलं, "चला साहेब, दावतो."