मेंढीच्या शेपटीची चरबी

डोंगरातल्या नारिन गावच्या बाजारात, गाड्यांचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या कंटेनरमधल्या दुकानासमोर मी रांगेत होतो. पुढे म्हातारा मेंढपाळ काल्मुर्झा दुकानदाराशी बोलत होता. त्याच्या मागे, खिंडीपलीकडून मोटरसायकलवर दूध आणणारी बुर्माकान उभी होती.

“काका, जुने ब्रेक पॅड दाखवा,” दुकानदार म्हणाला.

“हे घे. एका उन्हाळ्यात तिसरी जोडी! काल उतारावर गाडी थांबेचना, आणि मागे नात बसलेली. आता सगळ्यात महागातली दे.”

“ही घ्या. बर्फातसुद्धा पकडेल.”

बुर्माकान पुढे झाली. “थांब रे जरा! काका, मला बघू द्या. हा एक पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलाय आणि दुसरा अजून नवाच दिसतोय. सोन्याची जोडी घातलीत तरी एकटाच राबणार.”

“असं का गं, पोरी?”

“ब्रेक ज्या पिनांवर सरकतो, त्याच अडकल्यात. त्यांना काय लावलंत?”

“मेंढीच्या शेपटीची चरबी. खोगिराला आम्ही तीच लावतो.”

“अहो, हे खोगीर आहे का? खिंडीतल्या थंडीत ती दगडासारखी गोठते. पिना घासून पुसा, ब्रेकचं ग्रीस लावा आणि साधीच जोडी घाला.”

“ताई, तुमची जोडी किती टिकते?” मी विचारलं.

“दोन वर्षं. रोज खिंड, मागे ऐंशी लिटर दूध.”

दुकानदाराने महागाची जोडी परत फळीवर ठेवली आणि साधी काढली.

तासाभराने, पिना पुसून नवी जोडी बसवल्यावर, बाजारामागच्या उतारावरून काल्मुर्झा मोटरसायकलवर भरधाव आला आणि बरोब्बर बुर्माकानच्या बुटापाशी थांबला.

“थांबली गं, थांबली! चल घरी जेवायला. उरलेल्या चरबीत पुलाव करतो!”