मेणबत्तीच्या व्हिसाची पावती

…नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाला या देशात आणायला मी बहात्तर कवळ्या खर्च केल्या, तो माणूस बाराव्या दिवशी रस्ता ओलांडून माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या दुकानात जाऊन बसतो, तर मी काय त्याचा सत्कार करू? हार घालू? दचकू नका हो, कवळ्या म्हणजे दातांच्याच कवळ्या. माझा धंदाच तो. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवतोय, त्यामुळे मला पैशाचा हिशेब पैशात करताच येत नाही, कवळीतच येतो. एक कवळी म्हणजे वरचे चौदा, खालचे चौदा. तुमचं टोकन कितवं? एक्क्याऐंशी? माझं चौऱ्याऐंशी. आणि खिडकीवर चाललंय बासष्ट! म्हणजे वेळच वेळ आहे. सरका जरा इकडे, सगळं सांगतो. हा शेजारी फाईल मांडीवर घेऊन पेंगतोय ना, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तो माझ्याबरोबरच आहे.

तर झालं काय, की माझा हात कापायला लागला. डावा. मी डावखुरा. आमच्या कामात मेणात एकेक दात रचावा लागतो, आणि तो अर्धा मिलिमीटर जरी हलला ना, तर गिऱ्हाईक हसताना रडल्यासारखं दिसतं! आणि नेमकं तेव्हाच वृद्धाश्रमाचं काम मिळालेलं. अडतीस माणसं, अडतीस कवळ्या. ते काम गेलं तर दुकानाला कुलूप, सरळ हिशेब आहे. त्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका रोज सकाळी फोन करायच्या, "काय हो, माझे दात कधी येणार? या वयात पुन्हा दात यायची वाट बघतेय मी!" मी काय सांगणार? येतील बाई, येतील…

इथे माणूस मिळेना. मग मला एक फोटो आला. समुद्रापलीकडच्या एका कारागिराने मेणात रचलेले अठ्ठावीस दात. तुम्हाला सांगतो, मी तो फोटो बायकोला दाखवला, सासूबाईंना दाखवला, भाजीवालीलाही दाखवला! इतके सुंदर दात की वाटलं, आपले काढून टाकावेत आणि हे बसवावेत. आणि माणूस डावखुरा! माझं कामाचं टेबल डावखुऱ्यासाठी बांधलेलं, दिवा डावीकडे, घासायचं यंत्र डावीकडे. अंगकाठी अशी बारीक, उंच, पांढरीफटक, आणि दिवसभर मेणात हात. आम्ही त्याचं नाव ठेवलं मेणबत्ती.

म्हटलं, आणू या याला. त्यात काय, विमानाचं तिकीट काढलं की झालं! हसताय ना? हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

वकीलबाईंकडे गेलो. फार गोड बोलतात हो. इतक्या हळू बोलतात की आपण पुढे वाकून ऐकतो, आणि वाकलं की खिशातलं पाकीट आपोआप बाहेर येतं. "आधी तुम्हाला परदेशी माणूस आणायचा परवाना लागेल." नऊ कवळ्या. "मग जाहिरात. अठ्ठावीस दिवस. इथलं कुणीच मिळालं नाही असं सिद्ध करायला." दोन कवळ्या. "मग त्या माणसासाठी वेगळा दाखला." एक. "मग त्याच्या प्रमाणपत्रांचं भाषांतर आणि वैद्यकीय तपासणी." चार. म्हणजे माणूस दातांचा, आणि तपासली कुठं तर छाती! आणि पावती कोणाच्या नावाने? माझ्या!

मग आला कौशल्य भरणा. चोवीस कवळ्या! मी म्हटलं, बाई, हा कशाचा? म्हणाल्या, "तुम्ही इथल्या माणसाला काम शिकवलं नाहीत, बाहेरून आणताय, म्हणून सरकारकडे भरायचा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकवलं नाही? अहो, शिकवला की! बायकोचा धाकटा भाऊ! सहा वर्षं शेजारी बसवून शिकवला! उजव्या हाताचा असूनही माझ्या टेबलावर त्याला जागा दिली, रोज कोपराला कोपर लागायचं. सातव्या वर्षी त्याने बरोबर माझ्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, माझ्यापेक्षा दुप्पट पाटी लावून दुकान थाटलं! आणि माणूस शिकवला नाही म्हणून चोवीस कवळ्यांची पावती कोणाच्या नावाने? माझ्या!

मग आरोग्य भरणा सोळा. तो आजारी पडला तर म्हणून. तीन वर्षांचा आगाऊ! मी आयुष्यात कधी स्वतःच्या तब्येतीसाठी सोळा कवळ्या काढल्या नाहीत. वकीलबाई अकरा. आणि वर तातडीची फी पाच, लवकर व्हावं म्हणून. लवकर म्हणजे किती लवकर? साडेचार महिने. तातडी भरली नसती तर मला वाटतं माझी पेन्शन आणि याचा व्हिसा एकाच दिवशी आले असते. आणि यातला एक छदामसुद्धा त्याच्या पगारातून कापायचा नाही, असा नियम. चांगला नियम आहे, माणसाला नाडू नये. मग मला नाडू नये असा नियम कुठल्या पानावर आहे?

आला. तीन तारखेला आला. माझ्या टेबलावर बसला, आधी अडतीस जणांचे साचे काढायला लागला, आणि हात असा चालायचा त्याचा… मी नुसता बघत राहायचो. पण खोटं कशाला बोलू, तोंड गप्प बसेना माझं. सकाळी चहा घेताना सुरू. "मेणबत्ती, तुला माहितेय, तू मला बहात्तर कवळ्यांना पडलास?" त्याने खुर्ची पुढे ओढली की, "हळू! बहात्तर कवळ्या बसल्यात तिच्यावर!" एकदा त्याला शिंक आली, तर म्हटलं, "शिंक बिनधास्त, सोळा भरल्यात." गंमत हो! माझ्या मते गंमत.

बाराव्या दिवशी सकाळी टेबल मोकळं. पुसून ठेवलेलं, हत्यारं ओळीने लावलेली. खिडकीतून बघतो तर समोर मेहुण्याच्या काचेआड मेणबत्ती! मी रस्त्याच्या मध्येच गाठला त्याला. म्हटलं, काय कमी केलं मी? तर हा शांतपणे म्हणतो, "मालक, तुम्ही रोज सकाळी मला माझी किंमत सांगता. तिथे कुणी सांगत नाही." आणि मेहुणा दारात उभा, दात काढून! आणि ते दातही मीच बसवलेले हो त्याला, लग्नाआधी, फुकट! त्याला काय, माणूस आयता देशात आलेला, मोठे भरणे मी भरलेले, त्याने किरकोळ फी भरली आणि माझी बहात्तर खिशात घातली. घरी बायको म्हणते, "अहो, माझा भाऊ आहे तो." म्हटलं, तुझा भाऊ आहे म्हणून तर जिवंत आहे!

त्या दिवशी मी ठरवलं. सूड! दुसरा शब्द नाही. वकीलबाईंनी फोनवर काहीतरी सांगितलं, की माणूस सोडून गेला तर दहा दिवसांत कळवा, काही भरणा परत मिळतो. मी म्हटलं, बाई, परत घेणारा माणूस नाही मी, मी परत करणारा आहे! फोन ठेवला. त्या फोनचेही पैसे लावले त्यांनी. पावती… सोडा.

मी वही आणली. शंभर पानी. पहिल्या पानावर लिहिलं, "चौदा तारीख. आज सकाळी मेणबत्ती माझ्याकडून गेला. समोर बसला." आणि मग खिडकीत ठाण मांडलं. कारण मला नियम पाठ होता, ज्या कामासाठी आणला तेच काम द्यायचं, दुसरं दिलं तर परवाना गेला. आणि माझा मेहुणा! त्याला मी लहानपणापासून ओळखतो, मोलकरणीच्या हातात झाडू असेल तर तिला इस्त्रीही सांगणारा माणूस. नऊ वाजून दहा मिनिटं, मेणबत्ती मेहुण्याची गाडी धुतो. अकरा वाजता, मेहुण्याच्या मुलीला शाळेतून आणतो. साडेबाराला, पाटी पुसतो, शिडीवर चढून. बत्तीस दिवस लिहिलं! इकडे माझ्या टेबलावर धूळ, मुख्याध्यापिकांचा फोन रोजचा, "दात आले का हो?" आणि मी म्हणतोय, थांबा बाई, आत्ता गाडीचं मागचं चाक धुतोय!

दिली वही. तक्रारीसकट, फोटोसकट. तपासनीस आला. उंच, चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. मेहुण्याच्या दुकानात शिरला, पाऊण तासात बाहेर आला. परवाना वर्षभर बंद! तुम्हाला सांगतो, मी खिडकीत नाचलो. या वयात! गुडघ्यासकट! मेहुणा पाटीखाली डोकं धरून बसलेला, अहाहा… मी म्हटलं, ही पावती आता तुझ्या नावाने, मेहुण्या!

आणि तपासनीस रस्ता ओलांडून माझ्या दारात.

मी म्हटलं, या, या, चहा घ्या. तो म्हणाला, "ही वही तुमच्या हातची?" म्हटलं, शब्दन् शब्द! अक्षर बघा, डावखुरं आहे पण सुवाच्य! "पहिल्या पानावर लिहिलंय की हा माणूस चौदा तारखेला तुमच्याकडून गेला." म्हटलं, अगदी बरोबर! "आम्हाला कधी कळवलंत?"

आता मला सांगा, सूड घेणारा माणूस कळवत बसतो का? बत्तीस दिवस मी खिडकीत होतो, पोस्टात जायला वेळ कुठे होता? परत मिळणारा भरणा गेला. वर दंड, आठ कवळ्या. वर शेवटची ताकीद. माझ्याच वहीने माझाच गळा धरला हो! आणि पावती कोणाच्या नावाने? आता तुम्हीच म्हणा… हां, बरोबर.

सासूबाईंनी बोलणं टाकलं. मेहुणा रोज दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायला, कारागीर गेला, धंदा बसवला ना मी त्याचा, जाणार कुठे! समोर बसून चावतो, माझ्याच दातांनी.

आणि मेणबत्ती? साठ दिवसांत नवा मालक, नाहीतर परतीचं विमान. म्हटलं, जाऊ दे! आणि मी कापत्या हाताने मुख्याध्यापिकांची कवळी घेऊन बसलो. दोन दिवस खटपट केली. दात असे बसले की जणू शाळा सुटलीय. तिसऱ्या दुपारी मान वर करतो तर दारात मेणबत्ती. हात पाठीमागे बांधलेले. म्हणाला, "मालक, मला हात लावायची परवानगी नाही. पण वरचा तिसरा दात बाहेर झुकलाय." मी म्हटलं, तुला काय करायचंय? तरी हात गेला. "जरा आत… अजून… बास. आता चौथा." तीन तास हो! तीन तास उभा होता, हात पाठीमागे, आणि मी शागिर्दासारखा ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्यांनी नुसता कडकडून बिस्कीट चावल्याचा आवाज ऐकवला मला. मग दुसरं बिस्कीट. खरं सांगतो, मला रडू आलं.

एक झाली, सदतीस बाकी. पुन्हा जाहिरात दिली, अठ्ठावीस दिवस. पण गंमत बघा, कागदावर जागा तीच, पहिल्या वेळी मीच नेमकी मेणबत्तीच्या मापाने लिहिलेली, दुसरं कुणी बसूच नये म्हणून! बारा वर्षांचा अनुभव, मेणात हाताने रचना, डावखुऱ्याला प्राधान्य. ती बदलायची तर नवीन फी आणि नवीन सहा महिने. अख्ख्या जगातून अर्ज किती आले? एक. कोणाचा?

हा. हाच हा! मगापासून फाईल घेऊन पेंगतोय तो! पेंगत नाहीये लबाड, सगळं ऐकतोय, बघा ओठ हलतायत. नमस्कार कर रे त्यांना. याची एकच अट होती, सकाळी किंमत सांगायची नाही. मी कबूल केलं, सहीसुद्धा केली. आता असा बघू नकोस माझ्याकडे, अट सकाळची होती, आत्ता दुपारचे अडीच वाजलेत! आणि मी तुला कुठे सांगितलं, यांना सांगितलं.

काय? चौऱ्याऐंशी? अहो, तुमचं एक्क्याऐंशी कधी गेलं? माझ्यामुळे? अरेरे… माफ करा हो, पुन्हा टोकन घ्या. चल रे मेणबत्ती, फाईल धर. हां ताई, हा माणूस, हो, तोच तो माणूस, हो, पुन्हा. परवाना आहे, दाखला नवीन, कौशल्य भरणा पुन्हा? सगळा? जुना मेहुण्याच्या परवान्याबरोबर बुडाला? हं. आरोग्य पुन्हा? याला साधी शिंकसुद्धा आली नाही हो तेव्हापासून… बरं. तातडी? भरतो, सदतीस माणसं उपाशी बसलीत. पावती? पावती कोणाच्या नाव…

ऐकलंत? मी तोंड उघडायच्या आत यानेच सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव, स्पेलिंगसकट. चला, बारा दिवसांत माझ्याकडून एवढं तरी शिकला म्हणायचं.