चिकटपट्टीवरचं नाव

चर्चच्या तळघरातलं सामुदायिक जेवण उरकलं होतं. आपापली भांडी परत न्यायच्या रांगेत मार्लिस आणि व्हर्ना माझ्यापुढेच होत्या.

"मार्लिस, तुझा ॲपल पाय अख्खाच परत चालला गं?"

"दरवर्षीच जातो."

"पण यंदा शिकणारच म्हणाली होतीस ना? नवीन वर्षाला, सगळ्यांसमोर?"

"शिकले. दर शनिवारी एक, असे चाळीस केले. पहिले दहा कुत्र्यानंही हुंगून सोडले."

"मग कुणी कापला कसा नाही?"

"तू कापलास?"

"मी... मी आपला तुझ्या सासूबाईंचा घेतला. दोनदा घेतला. या वयात काय हात आहे गं हिल्डाबाईंचा!"

"तो हात हिवाळ्यापासून थरथरतोय, व्हर्ना. चमचासुद्धा धरवत नाही तिला."

"मग त्यांच्या नावाचा तो ॲपल पाय?"

"दोन्ही मीच भाजले. पीठ तेच, सफरचंदं त्याच टोपलीतली. एक तिच्या भांड्यात, एक माझ्या. ज्याचं भांडं त्याचं नाव, म्हणून एकावर तिच्या नावाची चिकटपट्टी, दुसऱ्यावर माझ्या."

"अगं बाई! त्यांना ठाऊक आहे?"

"मी लाटत होते तेव्हा शेजारीच खुर्ची टाकून बसली होती. आज लोक येऊन वाहवा करत होते, तर मान डोलवत होती."

"आणि तुला काहीच म्हणाल्या नाहीत?"

"म्हणाली ना. सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, 'नाराज होऊ नकोस पोरी, शिकशील हळूहळू.'"