जिपीला साजूक तूप

शिकलेल्या पोरापेक्षा अडाणी बैल बरा, हे मी आजबी म्हनतो.

आमच्या जिपीच्या चाकामागच्या सांध्यातले रबरी बूश झिजले हुते. गाडी लई खडखडायची. गॅरेजात जायचं सोडून आमच्या पोरानं, महादूनं, मोबाईलवर बघून, दोन डब्यांतलं औषध मिसळून, घरीच पॉलियुरेथेनचे, म्हंजी टणक प्लास्टिकचे, बूश ओतले. खडखड गेली, पण गाडी डुकरावानी किंचाळाया लागली. अन् सकाळी काष्टीला त्याच्यासाठीच पोरगी बघाया जायचं! पस्तिशी आली पोराची, कुनी पोरगी देईना.

"ग्रीस लाव की," मी म्हनलो.

"आबा, साध्या ग्रीसनं हे खराब हुतं."

म्हनून ह्या शहान्यानं आईची बरणी उचलून सगळं साजूक तूप बुशांना फासलं. गाडी गप झाली.

काष्टीत बाजार हुता. तिथनं सात-आठ कुत्री मागं लागली. पोरीच्या दारात जीप थांबली, तशी सगळी खाली घुसून चाटाया लागली.

पोरीचा बाप वाकून बघत म्हनला, "पाव्हनं, हे काय?"

"साजूक तूप. पोरगं येडं हाय आमचं." मनात म्हनलं, गेलं हेबी स्थळ.

त्यानं बोट लावून वास घेतला. "घरचंच का?"

"व्हय."

तो घराकडं वळून वरडला, "अगं, पोहे टाक! जे गाडीला साजूक तूप लावत्यात, ते सुनेला काय कमी करत्यात?"

आमी घरी कोरडी भाकर खाऊन निघालो हुतो, हे सांगायची ती येळ नव्हती.