निळं ठिगळ

देवदत्त: आजी, आधी पाणी घ्या. आणि मी तुमचं नाव घेतलं का कुठं? ‘वडूजकडची एक मेंढपाळ बाई’ एवढंच म्हणालो.

सुलाबाई: नाव कशाला लागतंय? घोंगडं टांगलंस न्हवं भितीला! वर काठी लावून दावलंस, ह्ये निळं ठिगळ बगा म्हून.

देवदत्त: संग्रहालयाचा कार्यक्रम आहे, आजी. वस्तू दाखवली की तिची गोष्ट सांगावी लागते. सगळ्या सांगलीकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुलाबाई: त्यांच्या आलं आसंल. माजी लेक राणी पयल्या रांगंत बसलीती. तिच्या न्हाई आलं. उठून भाईर गेली ती.

देवदत्त: पण राणीताईंना कसं कळलं, गोष्टीतलं ते मूल म्हणजे आपणच?

सुलाबाई: आरं, सकाळी तिनंच मांडीवर घिऊन आनलंय त्ये घोंगडं. मला म्हनली, ‘आये, तू खिडकीपाशी बस, तुला यष्टी लागती.’ ल्हानपनी त्येच पांघरून निजायची. इचारायची, ह्यो तुकडा कशाचा गं? माज्या लग्नातल्या लुगड्याचा, म्हनायची मी. आन तू भरल्या सभंत सांगितलंस. भात्तरच्या दुष्काळात खडी फोडनारी बाई तीन म्हयन्याची पोर ह्या घोंगड्यात ठिवून गेली, आन ह्यो त्या बाईच्या लुगड्याचा तुकडा.

देवदत्त: सुलाबाई, हे तुम्हीच मला सांगितलंत. आपण होऊन.

सुलाबाई: सांगितलं की. त्या बाईचं नाव न्हाई, गाव न्हाई. माज्यासंगं तिची याद बी मातीत जाया नको, म्हून येका मानसाजवळ ठिवली. तू भंडारा उचललास म्हून.

देवदत्त: भंडारा?

सुलाबाई: बिरोबाच्या म्होरं. मी म्हनलं, ही गोष्ट हितंच ऱ्हाईल न्हवं? आन ताट म्होरं केलं. चिमूट घेतलीस का न्हाई?

देवदत्त: घेतली. कपाळाला लावली. मला वाटलं, प्रसाद आहे.

सुलाबाई: परसाद!

देवदत्त: खरंच, आजी. ‘हितंच ऱ्हाईल’ म्हणजे नावगाव सांगू नका, असं मी समजलो.

सुलाबाई: आमच्यात जिवावर बेतलं तरी भंडारा उचलल्याला मानूस फिरत न्हाई. सख्ख्या भावाला बी बोलले न्हवते मी ह्ये. दोन वर्सं माज्या चुलीपाशी बसून भाकरी खाल्लीस. आन तुला ती नुसती हळद?

देवदत्त: चुकलं. निदान विचारायला हवं होतं मी तुम्हाला. पण गोष्टच अशी होती, की…

सुलाबाई: तुला गोष्ट घावली. माजी लेक गेली रं.

(राणी दारात येऊन उभी राहते.)

देवदत्त: राणीताई, या ना. माझंच चुकलं. घोंगडं आत्ता काढून देतो, घेऊन जा परत.

राणी: नको. ऱ्हाऊ द्या हितंच. ठिगळ तेवढं उसवून द्या.

सुलाबाई: राणे, आगं…

राणी: जपून उसवा, सर. जुनं हाय, फाटंल.

देवदत्त: कात्री आणतो. थांबा, नुसतं ओढलं तरी सुटतंय.

सुलाबाई: राणे, माज्याकडं बग की. दूध न्हवतं मला, तर शेळीच्या दुधावर…

राणी: हातानंच निगालं की. टाके कच्चंच व्हतं. द्या हिकडं, सर.

सुलाबाई: काय तरी बोल गं बाई. शिव्या दे.

राणी: वडूजची यष्टी पाचला हाय. उठा. तुमी खिडकीपाशी बसा, मी मागं बसते.

देवदत्त: गेल्या पुढं. बघा आजी, रागावल्या नाहीत त्या. किती मानानं बोलल्या तुमच्याशी.

सुलाबाई: व्हय. मानानं बोलली. तिरपन वर्सांत पयल्यांदाच.